नुसते करत बसायला एक खोली

एप्रिल-मेमध्ये पाचोऱ्यातल्या जुन्या वस्तीत सकाळी लवकर कुणाच्या धाब्यावर चढले, तर अजूनही हे दृश्य दिसते. जुने लुगडे अंथरलेले, त्याच्या चारी टोकांना दगड आणि भोवती पाच-सहा जणी. कुणी उडदाच्या पिठाच्या लाट्या तोडते आहे, कुणी पापड लाटते आहे, कुणी ओल्या फडक्यावर ज्वारीचे बिबडे थापते आहे. आज एकीचे, उद्या दुसरीचे, अशी पाळी ठरलेली. मध्येच लुडबुडणाऱ्या पोराला गप्प बसवायला पिठाचा एक गोळा दिला जातो. ते पोर त्याचा साप करते, सापाचा बैल करते, बैल मोडून चिमणी करते. हे काय केलेस, असे त्याला कुणी विचारत नाही. चांगले केलेस, असेही कुणी म्हणत नाही. सगळ्यांचे हात कामात आणि तोंड गप्पांत. ऊन चढेपर्यंत तो गोळा मळून काळा होतो आणि गुरांच्या घमेल्यात जातो.

आज त्या गोळ्याविषयी बोलायचे आहे. आरोग्याच्या सदरात त्याचे काय काम, असे कुणाला वाटेल. पण ताण, म्हातारपण आणि एकटेपणा यांवर काम करणारे संशोधक गेल्या काही दशकांत याच प्रकाराकडे वळले आहेत: हाताने काही तरी करत बसणे, शिकवणीसाठी नाही, विकायला नाही, आणि तेही चार माणसांत. आमचे म्हणणे असे की, पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावाला असे बसण्यासाठी एक सार्वजनिक खोली हवी. व्यायामशाळा आणि वाचनालय जितके हवे, तितकीच ही खोली हवी. आणि त्या खोलीत परीक्षा, स्पर्धा आणि बक्षीस समारंभ यांना जागा नसावी. खोली मिळवणे त्यामानाने सोपे आहे. ही दुसरी अट पाळणे जड जाईल, कारण हाताने केलेल्या प्रत्येक गोष्टीला गुण देण्याची आपल्याला सवय लागली आहे.

शाळेतली चित्रकलाच घ्या. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा जुन्या आहेत, आणि त्यांनी खेड्यापाड्यांतल्या अनेक मुलांच्या हातात पहिल्यांदा चांगला ब्रश दिला, हे नाकारता येणार नाही. पण इंटरमीजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात: ‘अ’ला ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. त्यामुळे आता अनेक घरांत मुलाला चित्रकलेच्या क्लासला घालण्याचा निर्णय टक्केवारीच्या हिशेबाने होतो. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. दहावीनंतर ती खाली उतरलेली किती घरांत पाहिली, हे वाचकांनी स्वतःशीच आठवून बघावे.

यात दोष मुलांचा नाही, आणि तो आपल्या देशापुरताही नाही. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत एक प्रयोग केला. तीन ते पाच वर्षांची ५१ मुले त्यांनी निवडली. सगळी आपणहून स्केचपेनने चित्रे काढण्यात रमणारी. काही मुलांना आधीच सांगितले की, चित्र काढलेस तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी खेळाच्या मोकळ्या वेळात तेच स्केचपेन पुन्हा टेबलावर ठेवले आणि कोण किती वेळ त्यांच्याशी खेळते हे मुलांच्या नकळत मोजले. बक्षिसाचे वचन मिळालेली मुले बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रे काढत होती. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रेही, कुणी कोणते काढले हे माहीत नसलेल्या परीक्षकांना, इतरांच्या चित्रांपेक्षा डावी वाटली.

या प्रयोगातला महत्त्वाचा भाग बहुधा विसरला जातो. ज्यांना अचानक प्रशस्तिपत्र मिळाले, त्यांची गोडी कमी झाली नव्हती. म्हणजे कौतुक वाईट नाही, बक्षीसही आपोआप वाईट ठरत नाही. आधी ठरवलेला मोबदला बाधतो. १९९९ साली अशा १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही साधारण हेच दिसले: आधी कबूल केलेल्या वस्तूरूप बक्षिसाने आतून येणारी ओढ घटते, मनापासूनच्या तोंडी शाबासकीने मात्र घटत नाही. यावर मानसशास्त्रज्ञांमध्ये पुढेही वाद होत राहिला, आणि ज्या कामात मुळातच गोडी नाही तिथे बक्षिसाचा उपयोग होतो हेही खरे आहे. पाढे पाठ करायला गोळी कबूल करणाऱ्या आजीला कुणी दोष देऊ नये.

ही मुले मोठी होतात आणि मग त्यांना कागद पुढे केला की हात मागे घेतात. आपल्याकडे अहिराणीत हे एका वाक्यात सांगितले जाते: ‘माले काही येस नही.’ पन्नाशीचा माणूस, दोन मुलींची लग्ने केलेला, कपाशीच्या भावावर तासभर बोलणारा, ट्रॅक्टरचे इंजिन उघडून पुन्हा बसवणारा. त्याला मातीचा गोळा दिला की तो लाजतो. पाचवीत कुणी तरी त्याच्या चित्रातल्या हत्तीला म्हैस म्हटलेले असते, आणि ते त्याच्या लक्षात राहिलेले असते.

त्याला येत नाही म्हणून फायदा कमी होईल का? यावर एक छोटा पण बोलका अभ्यास आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटे माती, मार्कर आणि कोलाजचे कागद देऊन बसवले. काय करायचे ते सांगितले नाही. बसण्याआधी आणि उठताना लाळेतले कॉर्टिसॉल मोजले. ताणाच्या प्रसंगी मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून रक्तात सुटणारे हे संप्रेरक लाळेतही उतरते, त्यामुळे सुई न टोचता मोजता येते. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते कमी झाले होते. आणि ज्यांनी पूर्वी चित्रकला केली होती व ज्यांनी कधीच केली नव्हती, त्यांच्यात फरक दिसला नाही. हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला.

गाजलेल्या निष्कर्षाकडे जरा डोळे बारीक करून बघावे, हे या सदराचे काम आहे. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ४५ मिनिटे नुसते शांत बसलेल्यांचे कॉर्टिसॉल किती उतरले असते, हे त्यातून कळत नाही. शिवाय हे संप्रेरक पहाटे उठल्यावर चढते आणि दिवसभर आपोआपच उतरत जाते. तेव्हा ‘माती मळा आणि ताण पळवा’ असा फलक लावण्याइतका तो पुरावा भक्कम नाही. त्यातून हाती लागते ते एवढेच, पण ते आपल्या कामाचे आहे: मोजता येण्याजोगा बदल कलाकारांत आणि ‘काही येस नही’वाल्यांत सारखाच दिसला.

म्हातारपणाबद्दलचा पुरावाही असाच, आशा वाटावी पण उडी मारू नये, या जातीचा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८५ वर्षे वा त्याहून मोठ्या, बुद्धी शाबूत असलेल्या २५६ जणांवर सुमारे चार वर्षे लक्ष ठेवले. जे मध्यमवयात आणि उतारवयातही चित्रे, मूर्तिकाम असले काही करत होते, त्यांच्यात स्मरण आणि विचारशक्तीची सुरुवातीची घसरण होण्याचा धोका ७३ टक्क्यांनी कमी आढळला. शिवण-विणकाम, सुतारकाम, मातीकाम अशा हस्तकौशल्यांत तो ४५ टक्क्यांनी कमी होता, आणि मित्रमंडळींत ऊठबस असणाऱ्यांत ५५ टक्क्यांनी. हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. आकडे मोठे वाटतात. पण ज्यांचा मेंदू आधीपासून चांगला चालतो तेच अशा गोष्टी करत राहतात, अशीही शक्यता आहे, आणि केवळ निरीक्षणाच्या अभ्यासातून ती पुरती दूर होत नाही. जर्मनीत एका गटाने निवृत्त झालेल्या २८ जणांना दोन भागांत वाटून दहा आठवडे तपासले. निम्मे स्वतः चित्रे करत होते, निम्मे संग्रहालयात जाऊन चित्रांवर चर्चा करत होते. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधला संपर्क वाढलेला दिसला तो करणाऱ्यांमध्ये. २८ म्हणजे फार थोडे लोक. तरी बघणे आणि करणे यांत फरक असावा, ही शंका त्याने बळकट झाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली कला आणि आरोग्य यांवरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा काढला. त्यातले सगळे अभ्यास सारख्या दर्जाचे नाहीत, पण दिशा एकच आहे, आणि धोका जवळजवळ शून्य. औषधाच्या बाबतीत असे क्वचितच म्हणता येते.

आता खोलीकडे येऊ. ही कल्पना आली ती इस्पितळांतून. दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ साली इंग्लंडमध्ये नेदर्न नावाच्या मनोरुग्णालयात एडवर्ड ॲडमसन या चित्रकाराला नेमण्यात आले. त्या काळी मनोरुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्याची लाट होती, आणि डॉक्टरांना रुग्णांची चित्रे हवी होती ती निदानासाठी. ॲडमसन यांनी रुग्णांना इझल, कागद आणि रंग दिले आणि स्वतः बाजूला राहिले. ते शिकवत नसत, सुचवत नसत, चित्राचा अर्थ लावत नसत. कुणी काढले तर काढले, कुणी नुसते बसून राहिले तर बसू दिले. वर्षानुवर्षे त्यांनी ही शिस्त सांभाळली. शिस्त हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. समोरचा चुकतो आहे असे वाटत असताना गप्प बसणे किती कठीण असते, हे मुलाचा गृहपाठ घेणाऱ्या कुठल्याही आईबापांना विचारा. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोला नीझ दा सिल्वेरा या डॉक्टरबाईंनी विजेचे झटके द्यायला नकार दिला आणि आपल्या वॉर्डाशेजारी चित्रांची खोली उघडली. तिथल्या कामांचे १९५२ साली संग्रहालय झाले, ते आजही आहे.

इस्पितळाच्या भिंतीबाहेर ही गोष्ट यायला बराच वेळ लागला. कॅनडात माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या जॅनिस टिम-बॉटॉस यांनी ‘आर्ट हाइव्ह’ म्हणजे कलेचे पोळे अशा नावाने वस्तीतल्या मोकळ्या खोल्यांची चळवळ उभी केली. गाळ्यासारखी जागा, दार उघडे, आत टेबले आणि टाकाऊ सामान, फी नाही, शिक्षक नाही. कुणीही आत यावे. रुग्ण आणि निरोगी अशी वाटणी नाही, आणि या खोलीचा गुण त्यातच आहे. तालुक्याच्या गावात मनाच्या डॉक्टरकडे जाताना माणूस दहादा मागे वळून बघतो. मातीकाम करायला जाताना तसे बघावे लागत नाही.

आपल्याला यात नवीन काही आहे का? खानदेशाला तर नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई घरोघर बसते. मातीची गुलाबाई, शेजारी गुलाबा, रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी एका घरून दुसऱ्या घरी, गाणी म्हणायची आणि झाकलेल्या डब्यात खाऊ काय आहे ते ओळखायचे. गाण्यात चूक झाली तरी गाणे पुढे जाते. एखादी नवी ओळ जोडते, ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गल्लीत पोचलेली असते. पाटीवर अक्षर न गिरवलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी जात्यावर आणि शेतात काम करता करता झाली. ती छापून आली १९५२ साली, त्या गेल्यानंतर. आसोद्याच्या त्या माउलीला ही गाणी करताना कुणी परीक्षक समोर बसवला नव्हता. आज मात्र गुलाबाईच्याही स्पर्धा भरतात. गट, गणवेश, ध्वनिवर्धक, पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक. परंपरा टिकावी हा आयोजकांचा हेतू चांगला आहे आणि त्यामुळे शहरातल्या मुलींना निदान गाणी तरी कळतात. पण तालीम करून, ठरलेल्या मिनिटांत म्हटलेले गाणे आणि कुणाच्या ओट्यावर अंधार पडेपर्यंत म्हटलेले गाणे, यांचे आरोग्याशी नाते एकच असेल असे आम्हाला वाटत नाही.

कलेचे नाव काढले की आपल्या भागात केकी मूस यांची आठवण निघते, आणि निघायलाच हवी. पाचोऱ्याहून मनमाडच्या दिशेने गाडीत बसले की चाळीसगाव लागते, आणि तिथे स्टेशनाजवळ त्यांचा बंगला. १९१२ ते १९८९ असे त्यांचे आयुष्य, त्यातली कित्येक दशके त्या एका घरात. छायाचित्रे, चित्रे, लाकडातले कोरीवकाम, मातीकाम, कागदाच्या घड्या, सतार. एवढे सगळे एका माणसाने केले, तेही दार लावून. आपण त्यांच्याबद्दल बोलतो ते दंतकथेसारखे, आणि मनात नकळत एक समज पक्का होतो की, कला म्हणजे असे जगावेगळे एकटेपण, आपल्यासारख्या माणसाचे ते काम नव्हे. केकींच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवूनही हा समज आपल्याला महागात पडतो, असे म्हणावे लागते.

त्याच्या उलट टोकाची आठवणही याच जिल्ह्यात आहे. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. गांधीजींनी मंडप-सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले आणि अट घातली की खेड्यात मिळणाऱ्या साहित्यातूनच सारे उभे करायचे. बांबू, गवत, माती आणि गावचे कारागीर. देशातला नामवंत चित्रकार आणि खानदेशातले बुरूड-सुतार एकाच आवारात काम करत होते. ते काम ठरवून केलेले होते, आजच्या अर्थाने मोकळे नव्हते. पण साहित्य आणि जागा या सबबी किती पोकळ आहेत, ते त्यावरून समजते.

पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राशी जोडलेले डॉ. अनिल अवचट हे जन्मभर हा धडा गिरवत होते. शिक्षणाने डॉक्टर, पेशाने लेखक, आणि हातात कायम कागदाची घडी, लाकूड नाही तर बासरी. ‘छंदांविषयी’ या नावाचे पुस्तकच त्यांनी लिहिले. कशातही तज्ज्ञ होण्याचा त्यांचा आग्रह नव्हता, आणि करून झालेले वाटून टाकायला त्यांना जड जात नसे.

मग पाचोऱ्यात काय करता येईल? नवी इमारत नको. निधी, भूमिपूजन आणि कोनशिला यांत पाच वर्षे जातील आणि शेवटी तिथे लग्ने लागतील. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित सार्वजनिक वाचनालये आहेत. त्यांच्या एखाद्या खोलीत किंवा सुटीच्या दिवशी रिकाम्या असणाऱ्या शाळेच्या वर्गात आठवड्यातून तीन तास पुरेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी सात ते दहा आणि एरवी दुपारी तीन ते सहा. दुपारची वेळ सुचवण्याचे कारण बायका. संध्याकाळ ठेवली तर स्वयंपाकाची वेळ होते आणि खोलीत फक्त पुरुष उरतात. शेतीच्या हंगामात मजुरीला जाणाऱ्या बायकांना दुपारही जमणार नाही. त्यांच्यासाठी बाजाराच्या दिवसाचा विचार व्हावा, कारण त्या दिवशी काम सुटते आणि गावात येणे होतेच.

सामानाचा खर्च लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी आहे. शिंप्याकडच्या चिंध्या, जुन्या साड्यांचे काठ, सुतळी, पुठ्ठे, रद्दी, आणि लग्नसराई संपल्यावर घरोघरी साचलेल्या लग्नपत्रिका. त्यांचा जाड कागद घडीला आणि कातरकामाला उत्तम. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबपासून कितीतरी खेळणी करून दाखवली. त्यांची पुस्तके वाचनालयात ठेवावीत, पण टेबलावर उघडी ठेवू नयेत. पुढे उघडे पुस्तक असले की माणूस त्यातल्यासारखेच करायला जातो.

माती आपल्या शेतातली काळी चालेल का, हा प्रश्न पोळ्याला बैल करणाऱ्या प्रत्येक पोराला पडलेला असतो. चालते, पण तडकते. काळ्या मातीतले चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि सुकताना आकसतात. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात त्याच कारणाने बैलाचे पाय गळतात. कुंभार मातीत राख, लीद नाही तर बारीक वाळू मिसळतो ती त्यासाठीच. गावातल्या कुंभारदादांकडून तयार माती विकत घ्यावी, म्हणजे दोन पैसे त्यांनाही मिळतील. सुकलेल्या मातीचा चुरा झाडू मारून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. ती बारीक धूळ रोज छातीत जाणे चांगले नाही. घर रंगवून उरलेले जुने ऑइलपेंट मुलांच्या हातात देऊ नयेत. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० च्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ साली आला, त्याआधीच्या डब्यांची खात्री देता येत नाही. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजी-आजोबांना कोमट पाण्यात कालवलेली मऊ माती द्यावी. मधुमेह असलेल्यांनी कात्री-सुई जरा जपून.

खोलीत एक माणूस मात्र हवा. कलाशिक्षक असलाच तर निवृत्त झालेला बरा, आणि तोही फळ्याकडे न जाणारा. त्याने दार उघडावे, सामान मांडावे, नव्याने आलेल्याला बसायला जागा दाखवावी आणि मग स्वतःचे काही तरी करत बसावे. ‘काय करू?’ असे कुणी विचारले तर ‘बघा ना, काय जमते ते’ एवढेच. ‘हे काय आहे?’ हा प्रश्न त्याने विचारू नये आणि दुसऱ्यांनाही विचारू देऊ नये. व्हॉट्सॲपवर फोटो टाकण्याला आमचा विरोध आहे, हे स्पष्ट लिहितो. ज्या क्षणी फोटो निघतो त्या क्षणी शेजारच्याचे चांगले आणि आपले वाईट दिसू लागते.

कोण येईल, अशी शंका घेणाऱ्यांना उलट विचारावेसे वाटते: आज दुपारी तीन वाजता पाचोऱ्यात निवृत्त पोस्टमन कुठे बसतो? मुलगा पुण्याला आणि सून त्याच्याबरोबर, अशी एकटी उरलेली विहीणबाई कुठे बसते? पोलीस भरतीत दुसऱ्यांदा राहिलेला पोरगा कुठे बसतो? पाचोरा-जामनेर ही पीजेची छोटी गाडी होती तेव्हा निदान तिच्या डब्यात दोन-अडीच तास अनोळखी माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसत. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. चहाची टपरी पुरुषांची, मंदिराचा ओटा विशिष्ट वेळेचा, आणि दोन्हीकडे तोंडासमोर तोंड. हात कामात असले की शेजारच्याकडे न बघता बोलता येते, आणि न बघता बोलताना माणूस जे बोलतो ते समोरासमोर बोलत नाही. गोधडीला टाके घालणाऱ्या बायकांना हे सांगायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एक एकटेपणाने ग्रासलेला आहे, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध लागतो. हे फक्त महानगरांचे दुखणे आहे, असे मानून चालणार नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी. ही खोली म्हणजे उपचार नव्हे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ नाही असे कुणी म्हणत असेल, तर त्याला मातीच्या टेबलाशी बसवून आपण सुटलो असे होत नाही. कर्ज आणि नापिकीने खचलेल्या घरांची या जिल्ह्याला ओळख आहे. अशा वेळी डॉक्टरांकडे न्यावे, किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. तो मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. चार आठवडे शेजारी बसून गोळा मळलेल्या माणसाने ‘चल, मी येतो तुझ्याबरोबर’ म्हटले, तर दवाखान्याची पायरी थोडी सोपी होते, आणि गावाच्या दृष्टीने हा या खोलीचा सर्वांत मोठा उपयोग ठरू शकेल.

शेवटी राहतो तो खर्चाचा आणि जागेचा किरकोळ तपशील. दोन लांब टेबले, नसतील तर सतरंज्या. पाण्याचा एक नळ किंवा दोन बादल्या. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण असतेच, म्हणून हात एका बादलीत धुवावेत आणि तेच पाणी पुढच्या वेळच्या मातीला वापरावे. कात्र्या मोजून ठेवण्यासाठी एक डबा. आणि भिंतीला एक लांब फळी, कारण तीन तासांत सगळ्यांचे पुरे होत नाही. अर्धवट राहिलेले त्या फळीवर ठेवावे, पुढच्या आठवड्यात ज्याचे त्याने उचलावे. कुणी पुन्हा आलेच नाही, तर महिनाभराने ते मोडून त्याची माती पुन्हा बादलीत टाकावी.